गुडघ्यातला प्राणवायू

इसवी सन १८०० च्या आसपास ब्रिस्टलमध्ये काही क्षयरोग्यांना गाईंच्या सोबतीला ठेवलं जाई. गाईंचा उच्छ्वास रोग्याच्या नाकात जावा, हा हेतू. हे उपचार सुचवले होते डॉ. थॉमस बेडोझ यांनी, आणि ते काही वैदू नव्हते. ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्र शिकवलेला हा विद्वान माणूस. फ्रेंच राज्यक्रांतीबद्दलची सहानुभूती लपवता न आल्यामुळे त्यांना ती जागा सोडावी लागली आणि १७९३ मध्ये ते ब्रिस्टलला आले. त्यांचा तर्क असा होता: क्षय होतो तो शरीरात प्राणवायू प्रमाणाबाहेर साठल्यामुळे. गाईच्या उच्छ्वासात प्राणवायू कमी असतो, तेव्हा ती हवा रोग्याला मानवेल.

तर्क चुकला होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८२ मध्ये, आणि त्याचा गाईंच्या श्वासाशी काही संबंध नव्हता. पण त्या चुकीच्या पोटात एक खरी शंका होती: जो वायू जगवतो, तोच जाळतही असेल का?

आपल्या भाषेत ही शंका मनात येणंही अवघड. या वायूला आपण नावच ‘प्राणवायू’ दिलं आहे. प्राण कधी जास्त होतो का? बेडोझ यांच्या आधी जोसेफ प्रीस्टली यांच्या मनात मात्र ती येऊन गेली होती. ब्रिस्टलच्या पूर्वेला विल्टशायरमधल्या बोवूड हाउसमध्ये १ ऑगस्ट १७७४ रोजी त्यांनी हा वायू वेगळा केला. त्यात मेणबत्ती नेहमीपेक्षा कितीतरी तेजाने जळते हे पाहून त्यांनी लिहून ठेवलं, की मेणबत्ती जशी या हवेत लवकर संपते तसा माणूसही लवकर संपेल की काय.

ब्रिस्टल म्हटलं की आपल्याला आठवते ती राजा राममोहन रॉय यांची समाधी. १८३३ मध्ये ते याच शहरात गेले. त्यांच्या आधी एक पिढी, मार्च १७९९ मध्ये, हॉटवेल्स भागातल्या डाउरी स्क्वेअरमध्ये बेडोझ यांनी ‘न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशन’ उघडली. वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे करायचे, हा तिचा उद्देश. पैसा वेजवूड कुटुंबाने दिला. वायू तयार करण्याची यंत्रं वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉट यांनी बनवली. त्यांची मुलगी जेसी १७९४ मध्ये क्षयाने गेली होती. प्रयोगशाळा सांभाळायला आला वीस वर्षांचा हंफ्री डेव्ही. त्याने लाफिंग गॅस स्वतः हुंगला, कवी कोलरिज आणि सदे यांना हुंगवला आणि १८०० सालच्या पुस्तकात लिहिलं, की या वायूने वेदना थांबतात, शस्त्रक्रियेत तो उपयोगी पडेल. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं कोणी ते मनावर घेतलं नाही. डेव्ही १८०१ मध्ये लंडनला गेला, संस्था साधा दवाखाना बनली आणि १८०८ मध्ये बेडोझ वारले. प्राणवायूच्या दुखापतीची गोष्ट तिथे थांबली. पुढे ती याच शहरात पुन्हा सुरू झाली आणि फिरत फिरत गुडघ्यापाशी आली.

गुडघा दुखवणाऱ्या ऑस्टिओआर्थ्रायटिस या आजाराचं नावही तसं शेजारच्याच गावचं. बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव ब्रिस्टलपासून वीसेक किलोमीटरवर. तिथले डॉक्टर जॉन केंट स्पेंडर यांनी १८८९ च्या ग्रंथात ‘ऑस्टिओ-आर्थ्रायटिस’ हा शब्द वापरला. पण ज्याला आज आपण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो, त्यासाठी. दोन आजार पुढे वेगळे झाले आणि हे नाव दुसऱ्याच दुखण्याला चिकटलं. मग एक्स-रे आला. एक्स-रेवर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, दिसत नाही, तिची जागा तेवढी दिसते. ती जागा अरुंद झाली की ‘गॅप कमी झाला’. आपल्याकडे घराघरांत हेच बोललं जातं: गॅप कमी झाला, वंगण संपलं, हाड झिजलं. जणू गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. साठ वर्षं उघडझाप झाली, आता कुरकुरणारच.

ही समजूत चुकीची आहे, आणि ब्रिस्टलमध्ये तिला पहिला मोठा धक्का दिला तो मेलेल्या माणसांच्या हाडांनी.

ज्युलिएट रॉजर्स या पुरातन सांगाड्यांवरून रोगांचा माग काढणाऱ्या अभ्यासक. विद्यापीठातले संधिवाततज्ज्ञ पॉल डिएप आणि ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीतले एक्स-रेतज्ज्ञ इयन वॉट यांच्याबरोबर त्यांनी १९८१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सॅक्सन आणि मध्ययुगीन सांगाड्यांतल्या संधिवातावर लेख लिहिला. त्याच सुमारास लिंकनशायरमधल्या बार्टन-अपॉन-हंबर गावच्या सेंट पीटर चर्चच्या आवारात १९७८ ते १९८४ या काळात उत्खनन झालं आणि सुमारे २८०० दफनं उघडकीला आली. एकाच गावातली, शतकानुशतकांची माणसं. ती हाडं रॉजर्स यांच्या हाताखालून गेली.

असं एखादं हाड दिव्याखाली धरल्यावर काय दिसतं? मांडीच्या हाडाचं खालचं टोक एरवी मातकट, खरबरीत असतं. जिथे कूर्चा जिवंतपणीच नाहीशी झालेली असते, तिथे मात्र हाड हस्तिदंतासारखं चकाकतं. हाडावर हाड वर्षानुवर्षं घासून आलेली ही झिलई. कधी तिच्यावर गुडघा ज्या दिशेने वाकायचा त्या दिशेने समांतर चरे उमटलेले असतात. आठशे वर्षांपूर्वीचा तो माणूस उठताना, बसताना, चर्चची पायरी चढताना काय सोसत असेल, ते त्या चऱ्यांवरून बोट फिरवलं की कळतं. कूर्चा मातीत कधीच विरून गेलेली असते. हाडांच्या अभ्यासकाला पुरावा उरतो तो या झिलईचा.

म्हणजे झीजच झाली ना? इथेच नजर हाडाच्या कडेला न्यावी लागते. कडेला नव्या हाडाची झालर उगवलेली असते, टोकं फुटलेली असतात. बिजागरी झिजली तर तिच्या कडेला नवं लोखंड उगवत नाही. रॉजर्स आणि डिएप यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की ज्यांच्या सांध्यांना अशी टोकं येतात, त्यांच्यात स्नायूंच्या दोऱ्या जिथे हाडाला चिकटतात तिथेही नवं हाड जास्त आढळतं. काही शरीरं हाड घडवण्याकडे कललेलीच असतात. सांधा गप्प बसून झिजत नव्हता. तो डागडुजी करत होता आणि ती डागडुजी फसत होती.

या दोघांचा १९९४ सालचा एक लेख मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधला हा आजार नवा आहे का? जुन्या सांगाड्यांत वाटीच्या मागचा आजार सापडत होता. आज ज्या जागी तो सर्रास आढळतो, त्या मुख्य सांध्यात मात्र पूर्वी तो कमी होता. माणूस तेव्हा शेतात राबत होता, ओझी वाहत होता, मैलोन्‌मैल चालत होता. वापराने झीज होत असती, तर त्याचे गुडघे आपल्यापेक्षा आधी गेले असते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी २५७६ सांगाडे तपासले. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या माणसांत गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस ६ टक्के होता, अलीकडच्या काळात वारलेल्यांत १६ टक्के. वय आणि वजनाचा हिशेब धरूनही वाढ दुपटीची राहिली. रॉजर्स तो निष्कर्ष वाचायला नव्हत्या. त्या २००१ मध्ये गेल्या होत्या.

मेलेल्यांनी हे सांगितलं, तर जिवंत रोगी काय सांगत होते? डिएप १९८७ मध्ये ब्रिस्टलमध्ये प्राध्यापक झाले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यात येणाऱ्या पाचशे रोग्यांची नोंद ठेवून वर्षानुवर्षं त्यांचा माग घेतला. ‘ब्रिस्टल ओए ५००’ या नावाने तो अभ्यास ओळखला जातो. तीन वर्षांनी पाहिलं, आठ वर्षांनी पाहिलं. एक्स-रे बिघडला म्हणून दुखणं त्याच मापाने वाढलंय, असा मेळ बसेना. कोणाचा एक्स-रे भयानक आणि चालणं झकास. कोणाचा एक्स-रे बरा आणि रात्रीची झोप गेलेली. आजाराची चालही सर्वांची सारखी नव्हती.

त्याहून बोलका एक छोटा अभ्यास होता. १९८६ मध्ये गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या ९४ रोग्यांचा बोन स्कॅन केला गेला. यात किरणोत्सारी कण जोडलेलं फॉस्फेट शिरेतून देतात. जिथे हाडात घडामोड चालू असेल तिथे ते जाऊन बसतं आणि कॅमेऱ्यात ती जागा उठून दिसते. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. सुरुवातीला ज्या ३२ गुडघ्यांचा स्कॅन फार बिघडलेला होता, त्यांतल्या २८ गुडघ्यांचा आजार पुढे सरकला होता. ज्या ५५ गुडघ्यांत स्कॅन स्वच्छ होता, त्यांतला एकही पुढे सरकला नव्हता. निकाल १९९३ मध्ये छापून आला. या सगळ्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होताच, सगळे ‘झिजलेले’च होते. पण काही गुडघ्यांत आजार पेटलेला होता, काहींत निवलेला. असा विस्तव जिवंत ऊतीतच असतो.

आता त्याच शहरातल्या दुसऱ्या इमारतीकडे वळू. १९६४ मध्ये फिलिप रँडल यांनी ब्रिस्टल विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा विभाग उभारला. तिथे आले ब्रायन चॅपेल. त्यांचा ध्यास मायटोकॉन्ड्रिया: पेशीतल्या त्या चिमुकल्या भट्ट्या, ज्यांत अन्न आणि प्राणवायू यांच्यापासून पेशीला लागणारी ऊर्जा तयार होते. या भट्टीच्या आतल्या पडद्यातून कोणते पदार्थ आत जातात, हे तेव्हा माहीत नव्हतं. चॅपेल यांची युक्ती इतकी साधी होती, की ती कोणालाही समजावी. मायटोकॉन्ड्रिया मिसळलेलं पाणी गढूळ दिसतं. त्यात अमोनियम फॉस्फेटचं द्रावण घातलं, की फॉस्फेट आत शिरतं, मागोमाग पाणी शिरतं, मायटोकॉन्ड्रिया फुगतात आणि गढूळपणा निवळतो. अमोनियम क्लोराइड घातलं तर पाणी गढूळच राहतं, कारण क्लोराइडला दार नाही. मॅलेट हा पेशीतला दुसरा एक पदार्थ घातला तरी गढूळ. पण वर चिमूटभर फॉस्फेट टाकलं की निवळलं. म्हणजे मॅलेटला दार आहे, पण फॉस्फेट दिल्याशिवाय ते उघडत नाही. नळीतलं पाणी निवळताना बघायचं आणि त्यावरून डोळ्यांना न दिसणाऱ्या पडद्यातली दारं मोजायची! विज्ञानातली ही जात मला सगळ्यांत देखणी वाटते.

त्याच विभागात अँड्र्यू हॅलेस्ट्रॅप यांनी रिचर्ड डेंटन यांच्याबरोबर १९७४ मध्ये पायरुव्हेटचं, म्हणजे साखर फुटून बनणाऱ्या पदार्थाचं, दार बंद करणारा पदार्थ शोधला. नंतर ते एका भलत्याच दारामागे लागले. पेशीत कॅल्शियम साठलं आणि प्राणवायूपासून निघणाऱ्या जहाल कणांचा मारा वाढला, की मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याला एक भगदाड पडतं. वाटेल ते आतबाहेर होतं, भट्टी फुगते आणि विझते. या भगदाडामागे सायक्लोफिलिन नावाच्या प्रथिनाचा हात आहे, हे दाखवणाऱ्यांत हॅलेस्ट्रॅप अग्रभागी होते. १९९५ मध्ये एलिनॉर ग्रिफिथ्स आणि त्यांनी हृदयावरच्या प्रयोगांतून दाखवलं, की रक्त थांबलेलं असताना हे भगदाड बंदच असतं. ते उघडतं रक्त परतल्यावर. गुदमरलेल्या पेशीचा घात होतो तो प्राणवायू परत येताना. बेडोझ यांच्या शंकेला जवळजवळ दोनशे वर्षांनी, त्यांच्याच गावात, असं उत्तर मिळालं. सायक्लोस्पोरिन हे औषध प्रयोगशाळेत ते भगदाड रोखतं. पण २०१५ मध्ये हृदयविकाराच्या रोग्यांवरच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

सांध्यातही असंच घडतं, हे डेव्हिड ब्लेक यांनी लंडनमध्ये १९८९ साली मांडलं होतं. पुढे ते बाथला प्राध्यापक झाले. सुजलेल्या सांध्यात पाणी भरलेलं असतं. पाय हलवला की आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात. पाय थांबला की रक्त परततं आणि त्याबरोबर जहाल कणांची ठिणगी उडते. त्याआधी १९७४ मध्ये अमेरिकेत जो मॅकॉर्ड यांनी नळीतच दाखवून दिलं होतं, की सुपरऑक्साइड हा कण सांध्यातल्या चिकट द्रवाचे तुकडे करतो. ‘वंगण’ आपोआप आटत नाही, त्याचा ऱ्हास होण्याला कारणं असतात.

पण कूर्चेची गोष्ट जरा निराळी. तिला रक्तवाहिनीच नाही. हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. कूर्चेच्या वरच्या थरात तो १० टक्क्यांहून कमी आणि खोल थरात १ टक्क्याच्या आसपास. अशा कोंदट जागी तिच्या पेशी राहतात, आणि त्याही कूर्चेच्या आकारमानाच्या जेमतेम २ टक्के. बाकी सगळं त्यांनी विणलेलं जाळं. १९३७ मध्येच एरिक बायवॉटर्स यांनी नोंदवलं होतं, की सांध्याची कूर्चा प्राणवायू अगदी थोडा वापरते आणि साखर प्राणवायूविना फोडून भागवते. त्यामुळे बरीच वर्षं असं धरलं गेलं, की या पेशींना मायटोकॉन्ड्रिया असून नसल्यासारखे. रॉबर्ट टर्केलटॉब आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेत, आणि फ्रान्सिस्को ब्लँको यांच्या गटाने स्पेनच्या ला कोरुन्या शहरात, ती समजूत मोडली. ब्लँको यांच्या गटाला २००३ मध्ये आढळलं, की आजारी कूर्चेच्या पेशींत श्वसनसाखळीच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात प्राणवायू वापरणाऱ्या प्रथिनांच्या साखळीच्या, काही कड्या मंदावलेल्या असतात.

साखळी मंदावली की दोन गोष्टी होतात. ऊर्जा कमी पडते, आणि अर्धवट वापरलेला प्राणवायू सुपरऑक्साइड होऊन बाहेर सांडतो. पेशीला हा सांडलेला कण थोडा लागतोच, तो तिचा निरोप्या असतो. प्रमाण सुटलं की मात्र तो मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बिघडवतो, दाहाचे संदेश चेतवतो आणि पेशी स्वतःच विणलेलं जाळं फाडणारी विकरं सोडू लागते. त्या जाळ्यातलं कोलॅजन इतकं चिवट, की शंभर वर्षांतही ते निम्मं बदलत नाही. ते एकदा तुटलं, की तुटलंच. वजनाचा आणि दुखापतीचा संबंधही इथेच लागतो. अमेरिकेतल्या आयोवात जेम्स मार्टिन यांच्या गटाने दाखवलं, की कूर्चेवर जोराचा आघात झाला की पेशी मरतात त्या मायटोकॉन्ड्रियातून उसळलेल्या जहाल कणांमुळे. २०१८ मध्ये त्यांनी डुकरांच्या सांध्यातल्या अस्थिभंगानंतर लगेच मायटोकॉन्ड्रियाला काही काळ शांत करणारं औषध सांध्यात टोचलं, आणि पुढचा ऑस्टिओआर्थ्रायटिस बराच टळला.

सगळंच असं जुळून येत नाही. २००८ मध्ये ब्लँको यांच्या गटाने म्हटलं, की आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या ‘जे’ वंशाच्या लोकांना गुडघ्याचा आजार कमी होतो. ब्रिटनमध्ये ७३९३ रोगी आणि ५१२२ निरोगी माणसं तपासून २०१३ मध्ये उत्तर आलं: असा संबंध दिसत नाही. आणि जहाल कणांनी आजार होतो तर त्यांना मारणाऱ्या गोळ्या घ्या, हा सोपा हिशेबही फसला. ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या रोग्यांना दोन वर्षं ‘ई’ जीवनसत्त्व दिलं. २००२ च्या निकालात कूर्चेचं गळणं कमी झालं नव्हतं. ‘अँटिऑक्सिडंट’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली डबी पाहिली, की मला बेडोझ यांचा गोठा आठवतो. शंका खरी, उपाय घाईचा.

बार्टनची माणसं आपल्या गावी परतली आहेत; अभ्यास पुरा होऊन त्यांची हाडं पुन्हा सेंट पीटर चर्चमध्ये ठेवली गेली. आपल्याकडे मात्र अजूनही साठीतल्या बाईला भिंतीवरच्या प्रकाशात एक्स-रे दाखवून ‘हाडं झिजलीत, आता जपून, फार चालू नका’ असं सांगितलं जातं. ती घरी येते, जिने टाळते, देवळात जाणं सोडते, मांडीचा स्नायू वाळतो आणि गुडघा जास्तच दुखतो. रक्तवाहिनी नसलेल्या त्या कूर्चेला अन्न मिळतं ते दाबलं-सोडलं गेल्यानेच; चालणं बंद म्हणजे तिचं जेवण बंद. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी सूचना काढल्या. पंचेचाळीशीपुढच्या माणसाचा गुडघा वापरल्यावर दुखत असेल आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत नसेल, तर निदानाला एक्स-रेची गरज नाही. व्यायाम सर्वांना सांगावा. ग्लुकोसामाइन देऊ नये. आणि ज्याला आपण ‘वंगणाचं इंजेक्शन’ म्हणतो, ते हायलुरोनानचं इंजेक्शनही देऊ नये. तुमच्या घरात कोणाला ते सुचवलं गेलं असेल, तर होकार देण्याआधी फिजिओथेरपिस्टला एकदा गुडघा दाखवा आणि डॉक्टरांना विचारा, की व्यायाम कोणता करायचा.